दारातली हरळी

आमच्या वाडीत दारात गवत उगवणं चांगलं मानत नाहीत. ज्या घरातली माणसं मुंबईला गेली आणि परत यायची थांबली, त्याच घराच्या अंगणात गवत दिसतं. आधी पायरीच्या फटीत, मग अंगणभर, आणि दोन पावसाळ्यांत दाराच्या कडीपर्यंत. भांडणात एखादी बाई दुसरीला "तुज्या दारात गवत उगवंल" म्हणाली, की दोघींचं बोलणं वर्षभर तरी बंद. नांदत्या घरांची अंगणं पाऊस सरला की तासायची, पाणी मारून चोपण्याने बडवायची, शेणाने सारवायची आणि वर रांगोळी घालायची. सारवलेलं अंगण म्हणजे इथे माणसं आहेत, चूल पेटते, या, बसा. अशा वाडीत मी राहत्या घरापुढे स्वतःच्या हाताने गवत लावायला निघाले, तेव्हा शेजारच्या थोरल्या जाऊबाईंनी कपाळाला हात लावला.

"दारात गवत कोन लावतो गो? दारात मानूस लागतो."

"माणसासाठीच लावतेय," मी म्हटलं.

जाऊबाई म्हणजे ह्यांच्या चुलतभावाची बायको. भाऊ गेले, मुलं मुंबईला, आणि त्या एकट्या आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. आम्ही दोघं निवृत्त होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला, ह्यांच्या या गावच्या घरी राहायला आलो. हे महाडच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. मी एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत. वीरला गाडी कधी, शिवथरची गेली का, ती का गेली, मी यायच्या आधी का गेली, हेच ऐकत माझी उभी हयात गेली. अशा बाईचा स्वभाव गोड राहत नाही. जाऊबाईंनी मला पहिल्या महिन्यातच सांगून टाकलं होतं की तुझं बोलणं ऐकलं की तिकीट नसल्यासारखं वाटतं.

गावी येऊन वर्ष होतं न होतं तोच ह्यांना झटका आला. डावी बाजू गेली. वाचा परत आली, हात बऱ्यापैकी आला, पाय मात्र ओढल्यासारखा राहिला. महाडला व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांनी भिंत धरून चालायला शिकवलं, आणि आम्ही घरी आलो. चौथ्या-पाचव्या दिवशी हे काठी घेऊन अंगणात उतरले आणि पडले. सारवलेलं, चोपलेलं अंगण म्हणजे दगडच. कपाळ फुटलं. रक्त बघून मी ओरडले आणि ह्यांनी मलाच गप्प केलं. पण त्या दिवसानंतर हे ओटीवरून खाली उतरले नाहीत.

हे सांगताना मला अजून राग येतो, कारण ज्या माणसाला पडायची भीती बसली तो कबड्डी खेळणारा होता. रायगडात गावागावात कबड्डी असते आणि ह्यांचं नाव पार माणगावापर्यंत होतं, असं हेच सांगतात. पोलादपूरच्या एका अंतिम सामन्यात ह्यांना मधल्या रेषेपासून हातभर अलीकडे पकडलं, अंगावर चार जण, आणि ह्यांनी तसंच सरपटत जाऊन बोटांची टोकं रेषेला लावली. सामना जिंकला. ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. प्रत्येक वेळी अंगावरच्या माणसांत एकाची भर पडते. झटका यायच्या आधी ती सात झाली होती, म्हणजे समोरचा सगळा संघच. त्या पडण्यानंतर ह्यांनी ती गोष्ट सांगणंच सोडून दिलं, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

व्यायामाच्या बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "घरात चार पावलं टाकून काही होणार नाही. मोकळ्यावर चालवा. नाही चालले तर पाय विसरेल, आणि मग बिछानाच." मी म्हटलं, पडायला भितात. त्या म्हणाल्या, मग मऊ जमिनीवर चालवा. पडले तरी लागणार नाही अशी जागा करा.

मऊ जमीन. डोंगराच्या उतारावरच्या वाडीत मऊ जमीन म्हणजे भाताचं खाचर, नाहीतर निसरडा चिखल. घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात हिरवळ आली. महाडमध्ये एका डॉक्टरांच्या बंगल्यापुढे मी ती वर्षानुवर्षं लांबून बघत आले होते.

मी हायवेवरच्या एका नर्सरीत गेले आणि चौकोनी तुकड्यांचं तयार गवत टेम्पोत घालून आणलं. मे महिना होता. अंगण जरा खरवडून त्यावर लाल मातीचा थर टाकला आणि तुकडे शेजारी शेजारी अंथरले. संध्याकाळपर्यंत आमचं अंगण लग्नाच्या हॉलसारखं दिसायला लागलं. वाडीतली माणसं बघायला आली. चप्पल काढून एकेक पाऊल ठेवून पाहिलं, आणि "बरा हाय" म्हणून गेली. ह्यांनी ओटीवरून बघितलं. "मुळं धरू दे," म्हणाले.

मुळं धरली नाहीत. जुलैत आमच्याकडे जो पाऊस लागतो त्यात छत्रीला काही अर्थ नसतो, नर्सरीतल्या गवताला काय असणार? पाणी साचलं ते हलेचना. आठवड्याभरात गवत पिवळं पडलं, मग काळं, मग वास मारायला लागलं. शेवटी एक तुकडा ओढला, तर ओली गोधडी उचलावी तसा सगळा हातात आला. खाली जमीन जशीच्या तशी, सपाट आणि घट्ट. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी चोपून चोपून तिची फरशी केली होती. पाणी खाली जाईना आणि मुळंही खाली जाईनात. मी फरशीवर गवत लावलं होतं, हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं.

पावसाने थोडी उघडीप दिली तेव्हा मी टिकाव आणि दोन गडी आणून अंगण खणायला घेतलं. जाऊबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत आत गेल्या. वीतभर खणल्यावर खड्ड्याची कड उघडी पडली. ती बघून मी टिकाव थांबवायला सांगितला. त्या कडेत पापडासारखे थर होते. एक काळसर, एक तपकिरी, पुन्हा काळसर. दर वर्षीचं सारवण, त्यावर पुढच्या वर्षीची माती, त्यावर सारवण. खाली खाली जात ते इतके पातळ झाले होते की मोजता येईनात. वरचे थर माझ्या सासूबाईंच्या हातचे, त्याखालचे त्यांच्या सासूबाईंचे, आणि त्याखाली ज्यांची नावंही आम्हाला कुणी सांगितली नाहीत अशा बायकांचे. मी जन्मात देवळात गेल्यावरही इतकी गप्प झाले नव्हते. त्या थराला हात लावला तर अजून शेणाचा बारीक वास येत होता. मी जाऊबाईंना हाक मारून बोलावलं. त्याही खड्ड्याच्या कडेला उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"आता खनलाच हाय तर नीट खन," त्या म्हणाल्या.

खणलेली माती मोकळी केली, खडे वेचले, त्यात वाळू आणि चाळलेलं जुनं शेणखत मिसळलं. घराकडून वाटेकडे बेताचा उतार दिला, म्हणजे पाणी थांबणार नाही पण माती घेऊनही जाणार नाही. कडेने दगड भरून चर काढला. हे सगळं आधीच करायला हवं होतं, पण आधी कळस, मग पाया ही माझी जुनी सवय. आंब्याच्या सावलीतला कोपरा सोडून दिला. तिथे गवत धरणार नाही हे एव्हाना मलाही समजलं होतं. आता गवत कोणतं लावायचं, यावर मी पुन्हा नर्सरीचं नाव काढलं, तर हे ओटीवरून म्हणाले, "कशाला? आपल्या बांधावर हरळी हाय ना."

उंटावरून शेळ्या हाकायला ह्यांना नेहमीच आवडतं. पण ही शेळी बरोबर वाटेला लागली.

हरळी म्हणजे गणपतीच्या दूर्वा. वर्षातून एकदा एकवीस जुड्या मोजून देवाच्या डोक्यावर, आणि उरलेलं वर्ष शेतकऱ्याच्या शिव्या. शेतात शिरली की तिला काढता काढता माणूस म्हातारा होतो. नांगराने उलटली तरी येते, उपटून बांधावर वाळत टाकली तर बांधावरच रुजते. अशी हरळी मागायला मी टोपली घेऊन शेतावर गेले. बांधावर उभ्या असलेल्या शेजाऱ्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"हरळी? न्यायला आलीस? न्हे ना बाय, सगळी न्हे. आनी परत आनू नको."

टोपली भरून तिचे लांबच लांब तंतू आणले. दोन-दोन, तीन-तीन पेरांचे तुकडे केले, बोटभर खोल चर पाडून त्यात आडवे ठेवले आणि एक पेर वर ठेवून माती दाबली. रांगांमध्ये वीतभर अंतर. लावून झाल्यावर अंगण फारच दरिद्री दिसलं. काड्या पेरल्यासारखं. जाऊबाई म्हणाल्या, पहिलं बरं होतं, निदान हिरवं तरी होतं.

आणि मग ती हरळी चालायला लागली. दुसरा शब्द मला सापडत नाही. एका पेरातून मूळ खाली, पान वर, आणि एक तंतू सरळ पुढे. तो तंतू जमिनीला चिकटून जायचा, पुढच्या पेराशी थांबून पुन्हा मूळ सोडायचा, पुन्हा पुढे. सकाळी मी चहाचा कप घेऊन खाली वाकून बघायची, काल कुठे होता आणि आज कुठे आहे. कुणी हाकलत नाही, कुणी बोलावत नाही, आणि हे बोटभर गवत स्वतःच्या मुळांवर उभं राहत राहत अंगण ओलांडतंय! मी त्याला बघून तोंडात बोट घालायची ते खरोखर घालायची. साठी उलटलेली बाई सकाळी अंगणात गुडघे टेकून तोंडात बोट घालून बसलेली वाडीने पाहिली आहे.

गणपतीपर्यंत रांगा एकमेकींना मिळाल्या. त्यानंतर माझं रोजचं काम सुरू झालं. लाजाळूचं रोप दिसलं की मुळासकट काढायचं, कारण त्याचे काटे अनवाणी पायाला लागतात. पहिली कापणी विळ्याने केली आणि अधाशासारखी पार बुडापर्यंत केली. त्या जागा भाजल्यासारख्या पिवळ्या पडल्या. मग महाडहून ढकलायचं कापणी यंत्र आणलं आणि शिकले की वरचा तिसरा हिस्साच घ्यायचा, दोन बोटं उंची ठेवायची. कापलेलं बारीक गवत तिथेच पडू द्यायचं, तेच त्याचं खत. पाऊस नसेल तेव्हा रोज शिंपडायचं नाही, दोन-चार दिवसांनी पण भरपूर द्यायचं आणि सकाळीच, म्हणजे मुळं पाण्यामागे खोल जातात. जमीन घट्ट वाटली तर लोखंडी दातांच्या काट्याने भोकं पाडायची. गवताला लाड चालत नाहीत, पण लक्ष लागतं.

हे ओटीवरून सगळं बघत होते. मी म्हणायची, उतरा. हे म्हणायचे, अजून ओलं आहे. मग म्हणाले, अजून विरळ आहे. मग म्हणाले, दसरा होऊ दे. एका सकाळी दव पडलेलं होतं आणि सगळं अंगण पांढरं चमकत होतं. मी पायऱ्या उतरून उभी राहिले, हात पुढे केला. ह्यांनी उजवा पाय खालच्या पायरीवर ठेवला. मग माझ्याकडे न बघता पाय परत वर घेतला. "उद्या," म्हणाले. मी हात मागे घेतला. चौकशीच्या खिडकीत मी कुणाला इतकं कधी सोडलं नव्हतं.

तो उद्या यायच्या आत ह्यांना ताप आला आणि न्यूमोनिया निघाला. महाडच्या दवाखान्यात ठेवलं. मी त्यांच्याजवळ आणि घराला कुलूप. आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचे आणखी वाढले. एक वेळ अशी आली की डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलायला लागले. त्या दिवसांत मला अंगण एकदाही आठवलं नाही. दिवाळी तोंडावर आली तेव्हा एकदाचं घरी सोडलं.

रिक्षा वाडीत शिरली आणि दारापुढे थांबली, तर दारापुढे अंगण होतं. तासलेलं, बडवलेलं, काठाकाठापर्यंत सारवलेलं. इतकं गुळगुळीत की आंब्याची पानं त्यावर पडून सरकत होती. मधोमध मोठी रांगोळी. हरळीची एक काडी कुठे दिसत नव्हती. जाऊबाई भाकरतुकडा घेऊन पुढे आल्या, त्यांच्यामागे वाडीतल्या चार बायका, सगळ्यांचे चेहरे फुललेले. त्यांनी ह्यांच्यावरून तुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं. हे रिक्षातून उतरले आणि अंगणाकडे बघत राहिले. मग खाली बघून, माझ्या आणि रिक्षावाल्याच्या खांद्यावर भार टाकून, पायऱ्या चढून ओटीवर गेले. भिंतीला टेकून बसले.

मी मागच्या दारी गेले आणि नळ सोडून रडले. नळाच्या आवाजात रडलेलं कळत नाही असा माझा समज होता. जाऊबाई मागोमाग आल्या.

"काय झाला गो? भावजी आले ना घरी?"

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांचा पाय तासलात. ते त्या गवतावर चालणार होते. आता ते उतरणार नाहीत. आता कधीच उतरणार नाहीत.

जाऊबाई पायरीवर बसल्या. बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"गवत पोटरीएवढा झालेला. दाराला कुलूप. भावजी दवाखान्यात, तिकडून काय बाय खबर येत व्हती. रोज उठून माज्या नदरेला त्योच दार. कुलूप आनी गवत, कुलूप आनी गवत. आमचं ह्ये गेले तवा पन... मला बघवंना गो. म्हनून आमी सगळ्या मिळून काढला. म्हटला, घर जित्या मानसाचा दिसू दे. मंग देवाला पन कळंल, मानूस परत यायचा हाय."

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. त्यांचे दोन्ही तळहात सोललेले होते, चोपणं धरून धरून. पाचही जणी आपापली भातकापणी सोडून आल्या होत्या. राग गेला नव्हता. पण तो ठेवायला जागा उरली नव्हती.

दिवाळी झाली. ती आम्ही दोघांनी फराळ तोंडात घालून आणि एकमेकांशी मोजकं बोलून काढली. हे ओटीवरून आत आणि आतून ओटीवर. पाय आणखी ओढायला लागला होता. व्यायामाच्या बाईंचा फोन आला तो मी उचलला नाही.

त्यानंतरच्या एका सकाळी मी अंगण झाडत होते. केरसुणी कशाला तरी अडली. वाकून बघितलं तर सारवणाला केसाएवढी चीर होती, आणि चिरेतून एक हिरवं टोक. सुईएवढं. शेजारी दुसरी चीर, दुसरं टोक. मी गुडघ्यावर बसले. जिथे सारवणाचा पापुद्रा उचलल्यासारखा झाला होता तिथे नखाने जरा उकरलं. खाली पांढरा, वळलेला कोंब सबंध थर पाठीवर घेऊन वर येत होता. पाच बायकांनी बडवलेली जमीन! तासताना त्यांनी वरचं गवत आणि दोन बोटं माती नेली होती. खालची मुळं वीतभर मोकळ्या मातीत होती तशीच होती. कुणाला न विचारता ती पुन्हा निघाली होती.

ओटीवरून समोरचा डोंगर दिसतो. तळीये गावावर दरड आली त्या पावसात या डोंगराचाही एक मोठा लचका तुटला होता. तिथे घरं नव्हती म्हणून आम्ही वाचलो. पुढे कितीतरी दिवस ती लाल जखम बघून वाडीत कुणाला नीट झोप लागायची नाही. पावसाचा आवाज वाढला की माणसं दारात येऊन उभी राहायची. आता तिथे लाल रंग शोधावा लागतो. कडेकडेने आत येत गवताने ती बुजवली. मी ते रोज बघत होते आणि तरी बघत नव्हते. त्या सकाळी अंगणात बसून मी एकदा डोंगराकडे बघितलं, आणि एकदा त्या सुईएवढ्या टोकाकडे.

"अहो," मी ओरडले, "ती येतेय!"

"कोन?"

"हरळी!"

ह्यांनी ओटीच्या कठड्याला धरून, मान लांब करून बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि कित्येक महिन्यांनी हसले. "तिला धरून ठेवनारा अजून जन्माला यायचा हाय," म्हणाले.

माझी हाक भिंतीपलीकडे गेली होती. जाऊबाई आल्या, त्यांनी पाहिलं, आणि पदराने डोळे पुसत मला म्हणाल्या, "सारवान मीच फोडते. मीच घातलेला हाय." दोघींनी मिळून काट्याने ते सगळं अंगण टोचून मोकळं केलं, चाळलेलं खत आणि माती वर भुरभुरली, पाणी दिलं. पण पायरीपुढची एक पट्टी, दोन हात रुंद, त्यांनी सोडायला लावली. तेवढी सारवलेलीच राहील, तिथे रोज रांगोळी पडेल. "पलीकडं तुजा गवत, अलीकडं माजा अंगन. देवाला दोनी दिसू दे." मी कबूल झाले. रोज सकाळी त्या येऊन पट्टीच्या कडेला, जिथे सारवण संपतं आणि हरळी सुरू होते, तिथे रांगोळीची एक लांब पांढरी रेघ ओढायच्या. तंतू रेघ ओलांडून अलीकडे आला की त्याला उचलून परत पलीकडे वळवायच्या आणि त्याला चार शब्द सुनवायच्या.

थंडीत हरळी सावकाश वाढली, पण दाट वाढली. शिमग्याच्या सुमारास तिच्यावर पाऊल ठेवलं की पाऊल दिसेनासं व्हायचं. जाऊबाई सकाळी रेघ ओढत होत्या आणि मी पाणी देऊन पाइप गुंडाळत होते, तेव्हा मागे काठीचा आवाज झाला. हे पायऱ्या उतरत होते. न सांगता, न बोलावता. मी धावले.

"दोघी बाजूला व्हा," हे म्हणाले.

पट्टी ओलांडली. रेघ ओलांडली. चप्पल काढून ठेवली होती. पहिलं पाऊल गवतात ठेवलं आणि तिथेच थांबून खाली बघितलं. मग दुसरं. डावा पाय गवतातून ओढत चालला आणि मागे त्याचा एक मऊ पट्टा उमटत गेला. अंगणाच्या मध्यापर्यंत गेले, तिथून वाटेच्या कडेपर्यंत. टोकाला जाऊन वळले, परत यायला लागले. अर्ध्यापेक्षा जास्त आले. आणि रेघ दोन-तीन पावलांवर राहिली असताना डावा पाय अडला, काठी सुटली, आणि हे आमच्या दिशेने सरळ आडवे पडले.

आम्ही दोघी किंचाळलो. धावलो. हे पालथे पडले होते, गाल हरळीत, एक हात अंगाखाली आणि उजवा हात पुढे ताणलेला. हलत नव्हते. जाऊबाई रामराम म्हणायला लागल्या. मी त्यांच्या खांद्याला हात लावणार, तोच गवतातून आवाज आला.

"वैनी, शिवली का नाय?"

मला काही कळेना. मग मी त्या हाताकडे बघितलं. बोटांची टोकं पांढरी होती. रांगोळीत होती. जाऊबाईंची रेघ तेवढ्याच जागी फिसकटली होती. मला एकदम तो पोलादपूरचा सामना आठवला, न बघताही तोंडपाठ झालेला, आणि मी तिथेच हरळीवर बसले. हसत होते की रडत होते ते माझं मलाच सांगता येणार नाही.

जाऊबाई वाकल्या. रेघ नीट बघितली.

"शिवली, भावजी," त्या म्हणाल्या. "शिवली."

मी उठवायला हात दिला. ह्यांनी तो झटकला. कुशीवर वळले, कोपरावर आले, गुडघ्यावर आले. कपाळाला हात लावून बघितला, हाताला नुसतं दव आणि गवताची पाती लागली. "लागला नाय," म्हणाले, जणू ही बातमी त्यांनाच कुणी सांगितली होती. मग काठी मागितली, उभे राहिले आणि पुन्हा त्या टोकाकडे निघाले.